बालरोगाच्या पीजींना प्लॅनेटरी हेल्थ शिकवायचं, पण परीक्षा कशाची घ्यायची?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. विभागप्रमुखांनी बालरोगाच्या पीजींच्या (पदव्युत्तर शिकणाऱ्या रेसिडेंट डॉक्टरांच्या) अंतर्गत मूल्यमापनात प्लॅनेटरी हेल्थ (हवा, पाणी, उष्णता, हवामान बदल यांचा आरोग्याशी असलेला संबंध) घ्यायला सांगितलंय. तुम्ही तासाभराचं लेक्चर आणि शेवटी दहा एमसीक्यू (बहुपर्यायी प्रश्न) असा आराखडा केलाय. तो पुरेसा आहे का, आणि ड्यूट्यांनी आधीच पिचलेल्या रेसिडेंटांच्या डोक्यावर आणखी एक विषय न टाकता हे कसं जमवायचं, हे तुम्हाला हवंय. मी विदर्भातल्या एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात बालरोग शिकवते. हा विषय आमच्या पीजींच्या रोजच्या कामात आता मुरलाय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

लेक्चर घ्या, हरकत नाही. पण लेक्चर चांगलं झालं की नाही ही तुमची खरी अडचणच नाही. जॉर्ज मिलर यांनी १९९० मध्ये मांडलेला पिरॅमिड आपण सगळे शिक्षक-प्रशिक्षणाच्या वर्कशॉपमध्ये पाहून आलोय: माहीत आहे, कसं करायचं ते माहीत आहे, करून दाखवतो, आणि सगळ्यात वर, प्रत्यक्ष कामात करतो. तुमचे दहा एमसीक्यू तळाच्या पायरीवर बसतात. पीएम २.५ची (हवेतल्या अतिसूक्ष्म कणांची) वर्षभराची सरासरी मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या निकषांत घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम आहे आणि आपल्या राष्ट्रीय मानकात ४०, हे रेसिडेंट एका रात्रीत पाठ करेल आणि पैकीच्या पैकी गुण आणेल. दुसऱ्या दिवशी ओपीडीत तिसऱ्यांदा घरघर घेऊन आलेल्या मुलाच्या आईला घरात स्वयंपाक कशावर होतो, हे मात्र विचारणार नाही. तेव्हा ‘काय शिकवू’ यापेक्षा ‘रेसिडेंटच्या हातून काय वेगळं व्हायला हवं आणि ते मला कुठे उभं राहून दिसेल’ हा प्रश्न आधी सोडवा.

माझं मत असं की वेगळा विषय करूच नका. रेसिडेंट रोज जे करतोच (हिस्टरी घेणं, नवजात बाळाची तपासणी, इनहेलर लिहून देणं, आईशी बोलणं) त्यातल्या तीन-चार कृती निवडा, त्या नीट शिकवा आणि जिथे घडतात तिथेच तपासा.

कोणत्या कृती निवडायच्या हे तुमचं कॉलेज कुठे आहे यावर ठरेल. चंद्रपूरला औष्णिक वीज केंद्र आणि कोळशाची धूळ आहे. बीडकडच्या ऊसतोड कुटुंबांची मुलं हंगामभर फडाजवळच्या कोपीत (झोपडीत) राहतात. यवतमाळ-चंद्रपूरच्या काही गावांत पाण्यात फ्लोराइड आहे. मुंबईत बांधकामाची धूळ आणि पावसाळ्यात लेप्टो (साचलेल्या पाण्यातून होणारा जिवाणूंचा आजार). सांगली-कोल्हापूरने २०१९ आणि २०२१चे पूर पाहिलेत. परदेशी मॉड्यूलमध्ये जंगलातल्या वणव्याच्या धुराचा धडा असतो म्हणून तो जसाच्या तसा उचलू नका. तुमच्या वॉर्डच्या भरती-रजिस्टरमधले एप्रिल ते जून आणि नोव्हेंबर ते जानेवारी हे महिने काढून बसा, निवड आपोआप होईल. मनुष्यबळाचाही प्रश्न असतो. दोनच शिक्षक असतील तर दोनच कृती घ्या. शिशाची रक्तचाचणी तुमच्याकडे होत नसेल तर तिची मागणी कशी करायची याची परीक्षा घेण्यात अर्थ नाही. पण लोह नियमित देऊनही हिमोग्लोबिन वाढत नसेल तर बापाच्या जुन्या बॅटऱ्यांच्या कामाबद्दल किंवा डोळ्यांतल्या सुरम्याबद्दल विचारणं कुठेही शिकवता येतं. युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या २०२०च्या अहवालाच्या अंदाजानुसार भारतात सुमारे २७.५ कोटी मुलांच्या रक्तात शिसं डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅमच्या वर आहे. एवढा आकडा असताना आपल्या ओपीडीत हे निदान जवळजवळ कधीच होत नाही, ते न विचारल्यामुळे.

आता पहिल्या कृतीकडे, हिस्टरीकडे येते, कारण माझ्या मते अर्धी लढाई तिथेच आहे. आपल्या केस रेकॉर्डमध्ये पर्यावरणाचा रकाना असतोच. त्यात काय लिहिलेलं असतं? ‘पक्कं घर, दोन खोल्या, नळाचं पाणी, गर्दी नाही.’ हे परीक्षकासाठी लिहिलेलं असतं, उपचारात त्याचं काही होत नाही. मी रेसिडेंटना सांगते की उत्तर मिळाल्यावर तुमचा सल्ला बदलणार असेल तोच प्रश्न विचारा. छप्पर पत्र्याचं की स्लॅबचं? मे महिन्यात बाळ दुपारी कुठे झोपतं? चूल पेटवताना मूल कोणाच्या कडेवर असतं? रात्री मच्छर कॉइल दार लावून जळते का? शेजारी काय जाळतात, पाचट, प्लॅस्टिक, वीटभट्टी? वडील कामाचे कपडे घरात येऊन काढतात का? स्पेनमधल्या मुर्सियाच्या बाल-पर्यावरण आरोग्य युनिटने यासाठी केसपेपरात ‘हिरवं पान’च घातलंय. आम्ही वेगळं पान न करता जुन्याच रकान्यात हे प्रश्न शिक्का मारून घेतले. वेगळं पान पहिल्या गर्दीच्या सोमवारी कोरं राहतं, हे तुम्हालाही माहीत आहे.

कसं विचारायचं हेही कौशल्यच आहे आणि तपासायलाही तेच हवं. आपल्याकडे बाळंतिणीच्या खोलीत शेकशेगडी असते. निखाऱ्यांवर ओवा, बाळंतशेपा, धूप टाकून आंघोळीनंतर बाळाला धुरी देतात, दारं-खिडक्या लावून, वारा लागू नये म्हणून. रेसिडेंटने कपाळाला आठ्या घालून ‘धुरी देता का?’ विचारलं की आई ‘नाही’ म्हणते आणि मागे उभी असलेली आजी छताकडे बघते. तोच प्रश्न ‘बाळाच्या आंघोळीनंतर काय काय करता?’ असा विचारला की आजीच पुढे होऊन तेल, मालीश, शेगडी, धुरी सगळं कौतुकाने सांगते. मग बोलता येतं: शेक आईला द्या, त्या वेळी बाळ दुसऱ्या खोलीत ठेवा, एक खिडकी उघडी असू द्या. २०२०च्या ‘स्टेट ऑफ ग्लोबल एअर’ अहवालाने २०१९ या एका वर्षात भारतात पहिल्या महिन्याच्या आत दगावलेल्या १,१६,००० हून अधिक बाळांचे मृत्यू हवेच्या प्रदूषणाशी जोडले होते, त्यांतले निम्म्याहून अधिक बाहेरच्या हवेशी आणि बाकीचे घरातल्या धुराशी. हा आकडा लेक्चरमध्ये जरूर सांगा. आजीला मात्र सांगू नका.

दुसरी कृती आमच्या भागासाठी सगळ्यात महत्त्वाची: मे महिन्यातलं तापलेलं नवजात बाळ. चौथ्या दिवसाचं, फक्त अंगावर पिणारं, ताप १०१, दोन दुपट्यांत गुंडाळलेलं, डोक्याला टोपरं, पत्र्याखालची खोली. सेप्सिस (रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग) की उष्णतेचा ताप? रेसिडेंटने लगेच अँटिबायोटिक लिहिणं समजू शकतं. पण त्याआधी त्याने काय पाहिलं ते मी बघते. कपडे काढले का? जन्मवजनाशी आजचं वजन ताडून पाहिलं का? दहा टक्क्यांहून जास्त घट आहे का? हातपाय आणि पोट दोन्ही सारखंच गरम आहे की पोट गरम आणि तळवे गार? चोवीस तासांत लघवी किती वेळा झाली? आई पाजताना बाळ नीट धरतं का? वजन बरंच घटलं असेल तर रक्तातलं सोडियम तपासायला पाठवलं का, आणि ते खूप वाढलेलं असेल तर घाईने खाली आणायचं नाही, हे माहीत आहे का? इथे एक गोष्ट ठासून शिकवा: उष्णतेचा ताप म्हणायला कितीही मोह झाला तरी सुस्त, न पिणाऱ्या बाळात सेप्सिस डोक्यातून काढायचा नाही. प्लॅनेटरी हेल्थच्या नावाखाली एकही सेप्सिस सुटला तर सगळा विषय बदनाम होईल, आणि रास्तच होईल.

याच बाळाच्या निमित्ताने राऊंडवर अहमदाबादचं उदाहरण सांगा. तिथे २०१०च्या मे महिन्यात भयंकर उष्णतेची लाट आली होती आणि त्यातूनच २०१३ची शहराची उष्णता कृती योजना उभी राहिली. तिथल्या एका सार्वजनिक रुग्णालयातल्या नवजात बाळांच्या भरतीचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. कमाल तापमान ४२ अंशांच्या वर गेल्यावर पुढच्या प्रत्येक अंशामागे उष्णतेमुळे होणाऱ्या भरती ४३ टक्क्यांनी वाढत होत्या, आणि प्रसूती वॉर्ड गच्चीखालच्या मजल्यावरून खाली हलवल्यावर त्या कमी झाल्या. औषध नाही, यंत्र नाही, मजला बदलला. हे सांगून झालं की रेसिडेंटना विचारा, आपला पीएनसी (बाळंतिणींचा) वॉर्ड कितव्या मजल्यावर आहे, त्याच्या वर काय आहे, दुपारी तीनला खाटेजवळ थर्मामीटर लावलं तर किती दाखवेल? जाऊन मोजून या म्हणा. या पंधरा मिनिटांत तुमच्या तासाभराच्या लेक्चरपेक्षा जास्त शिकवून होतं.

तिसरी कृती इनहेलर. इथे उत्साही रेसिडेंट हमखास घसरतात, म्हणून परीक्षेसाठी उत्तम. एमडीआयमधला (दाबून फवारा सोडायच्या इनहेलरमधला) एचएफए-१३४ए हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या हजार पटींहून जास्त उष्णता धरून ठेवतो, पावडरच्या इनहेलरला तसला वायू लागतच नाही, हे वाचून कोणी तीन वर्षांच्या मुलाला रोटाहेलर (पावडरचा इनहेलर) लिहून मोकळा होतो. त्या वयात पावडर आत ओढण्याइतका जोर मुलाच्या श्वासात नसतो. लहान मुलाला एमडीआय आणि मास्क लावलेला स्पेसर (फवारा आधी ज्यात साठतो ती पोकळ नळी) हेच योग्य, कार्बन कितीही असो. सहा-सात वर्षांच्या पुढे, तंत्र नीट जमत असेल आणि दमा आटोक्यात असेल, तर पावडरचा विचार जरूर करावा. आपल्याकडे ती बहुधा स्वस्तही पडते. खरी बचत आणखी अलीकडे आहे. ज्याचा दमा आटोक्यात आहे त्याला रिलिव्हरचे (तात्पुरता आराम देणाऱ्या इनहेलरचे) डबेच्या डबे लागत नाहीत. साध्या अटॅकला स्पेसरने भागत असताना नेब्युलायझर लावला की वीज, किट आणि आईचा अर्धा दिवस जातो. स्पेसर परवडत नसेल तर केपटाऊनच्या डॉक्टरांनी १९९९ मध्ये दाखवून दिलंय की अर्ध्या लिटरच्या प्लॅस्टिक बाटलीला भोक पाडून नीट बसवलेला स्पेसर विकतच्याइतकंच काम देतो. रेसिडेंटने तो स्वतःच्या हाताने करून दाखवावा. आम्ही तो करूनच घेतो, आणि पहिल्या प्रयत्नात भोक हमखास मोठं पडतं.

आता तपासायचं कसं. आमचं एक ऑस्की स्टेशन (ठरवून दिलेल्या प्रसंगातली प्रात्यक्षिक परीक्षा) जसंच्या तसं देते, हवं तर वापरा. अडीच वर्षांचा मुलगा, दिवाळीपासून तिसऱ्यांदा घरघर. आईची भूमिका आमच्या समाजसेवा अधीक्षक करतात. तिला सांगून ठेवलेलं असतं: घरात गॅसची शेगडी आहे, पण सिलिंडर दिवाळीपासून रिकामा आहे. सकाळचं पाणी आणि भाकरी चुलीवर. मूल त्या वेळी तिच्या पाठीशीच असतं कारण सासू शेतावर जाते. आणि हे विचारल्याशिवाय सांगायचं नाही. वेळ सात मिनिटं. बहुतेक रेसिडेंट दुसऱ्याच मिनिटाला म्हणतात, ‘ताई, चूल बंद करा, गॅसवर करा.’ आई म्हणते, ‘हो डॉक्टर.’ आणि संवाद संपतो. जो रेसिडेंट ‘गॅस आहे का, भरलेला आहे का, नसेल तर का’ इथवर पोचतो, त्याचा सल्ला बदलतो: चूल ओट्यावर किंवा अंगणात घेता येईल का, लाकूड वाळलेलं वापरा, पेटवतानाच्या धुराच्या वेळी मुलाला दारापाशी दुसऱ्या कोणाकडे द्या, सिलिंडर महिन्याआड जरी भरला तरी तो सकाळच्या पाण्यासाठी राखून ठेवा.

गुण दहा. मूल आणि धूर एकत्र कधी येतात हे शोधलं, दोन. अडचण कुठे आहे हे विचारलं, दोन. त्या घराला उद्यापासून जमेल असा एक-दोन गोष्टींचा सल्ला दिला, तीन. इनहेलर आणि स्पेसर चालू ठेवायचं स्पष्ट सांगून वापरून दाखवलं, दोन. आईकडून परत वदवून घेतलं, एक. यात कुठेही ‘हवामान बदल’ हा शब्द उच्चारल्याबद्दल गुण नाही. आणि दोन गोष्टी झाल्या की थेट नापास: मुलाचा आजार आईच्या माथी मारणं, किंवा पर्यावरणाच्या नावाखाली मुलाला लागणारा उपचार काढणं किंवा बदलणं. शेवटी परीक्षक आईला एकच विचारतो, ‘उद्या तुम्ही काय वेगळं करणार?’ ती जे सांगेल ते रेसिडेंटच्या कागदावर लिहितो. वर्षानुवर्षं व्हायव्हा घेणाऱ्या आमच्या परीक्षकांनाही तो एक रकाना सगळ्यात बोलका वाटतो.

एकच ऑस्की पुरेशी नाही. नाटकात माणूस शहाणा वागतो. प्रत्यक्ष ओपीडीतल्या मिनी-सीईएक्समध्ये (खऱ्या रुग्णाशी काम करताना शिक्षकाने पाहून केलेल्या छोट्या मूल्यमापनात) याच कृती बघा, वर्षभरात वेगवेगळ्या शिक्षकांनी मिळून सात-आठ वेळा. तुमच्या लॉगबुकात मिनी-सीईएक्स बहुधा आधीच असेल. नवा फॉर्म छापू नका, जुन्याच्या तळाला एक ओळ घाला: ‘या मुलाच्या परिसराबद्दल विचारलं का, आणि त्यानुसार सल्ला बदलला का?’ दुसऱ्या अर्ध्याला उत्तर ‘नाही’ असेल तर पहिल्या अर्ध्याला गुण देऊ नका.

वॉर्डातल्या उधळपट्टीचा भाग थोडक्यात आटपते. पिणाऱ्या मुलाच्या हातातली सलाईनची लाइन, ब्रॉन्किओलायटिसमधला (लहान बाळांच्या छातीच्या विषाणूजन्य आजारातला) एक्स-रे, तोंडी देता येणारं अँटिबायोटिक शिरेतून. हे तुम्ही राऊंडवर आजही विचारताच. डिस्चार्ज झालेले पाच केसपेपर काढून रेसिडेंटलाच शोधू द्या की कोणती गोष्ट एक दिवस आधी थांबवता आली असती. फक्त मुलाच्या बाजूने सुरुवात करा, कचऱ्याच्या बाजूने नको. सलाईन लवकर काढली तर टोचणं वाचतं आणि मूल आधी घरी जातं. वॉर्डातल्या कचऱ्याची पिवळी-लाल पिशवी हलकी होते ती त्यानंतर.

तिसऱ्या वर्षाच्या रेसिडेंटसाठी मी एक गोष्ट आवर्जून ठेवते: पत्र. तीन महिन्यांच्या जिल्हा निवासी कार्यक्रमात ते तालुक्याला, जिल्हा रुग्णालयात असतात, तिथे याला चांगली संधी मिळते. एका मुख्याध्यापकांना, सरपंचांना किंवा रुग्णालयाच्या अधीक्षकांना एक पान मराठीत लिहायचं. विषय तिथल्याच मुलांचा: हवामान खात्याचा ऑरेंज अलर्ट असताना दुपारची कवायत, सकाळची शाळा कधीपासून, पीएनसी वॉर्डचा मजला. मी तीनच गोष्टी बघते. मागणी एकच आहे का? वाचणाऱ्याच्या अधिकारात आहे का? त्याला खर्च किती हे लिहिलंय का? ‘जनजागृती व्हावी’ असं वाक्य दिसलं की पत्र परत. इंग्रजीत छान प्रेझेंटेशन करणारी पोरं इथे पार अडखळतात, आणि मग दोन-तीन खर्ड्यांनंतर फार चांगली लिहू लागतात.

काय करू नका तेही सांगते. चिंतनपर निबंध मागू नका. एटकॉमच्या (एमबीबीएसच्या वृत्ती, नीती आणि संवाद या अभ्यासक्रमाच्या) वह्यांचं काय झालं ते आपण पाहिलंय, एकाचं चिंतन संपूर्ण बॅचने केलेलं असतं. रेसिडेंटची मतं तपासू नका. त्याला पृथ्वीची चिंता वाटते की नाही हा त्याचा प्रश्न आहे, त्याने छप्पर विचारलं की नाही हा तुमचा. आणि परीक्षकांना तयारीशिवाय बसवू नका. एकाच संभाषणाचा व्हिडिओ सगळ्यांनी पाहून आपापले स्वतंत्र गुण द्या आणि मग फरकावर भांडा. आमच्यात पहिल्यांदा एकाच रेसिडेंटला एका परीक्षकाने तीन आणि दुसऱ्याने आठ दिले होते, कारण आठ देणाऱ्याला त्याचं वायुप्रदूषणावरचं भाषण आवडलं होतं.

वेळेचं म्हणाल तर वेगळा तास एकच लागतो, तुमचं लेक्चर. बाकी राऊंडवरची पाच-पाच मिनिटं आहेत. मार्चमध्ये उष्णता, जूनमध्ये पाणी आणि डास, ऑक्टोबरपासून हवा, असं ऋतूप्रमाणे लावलं की वेगळं वेळापत्रक करावं लागत नाही, केस स्वतःच चालून येते. एमसीक्यू ठेवायचेच असतील तर लेक्चरच्या आधी ठेवा, कोणाला काय माहीत नाही ते कळायला. त्याचे गुण धरू नका.

राहिला शेवटचा भाग, नापास झालेल्याचं काय करायचं. अंतर्गत मूल्यमापनात गुण कापून हिशेब मिटवू नका. ज्याने सिलिंडरबद्दल विचारलं नाही त्याला पुढच्या आठवड्यात छातीच्या ओपीडीत माझ्या शेजारी बसवते, तीन आयांशी त्याने बोलायचं, मी गप्प. त्यानंतर पुन्हा तेच स्टेशन, पण आईची अडचण बदललेली: या वेळी गॅस भरलेला असतो, आणि धूर शेजारच्या वीटभट्टीचा असतो.